सिगारेट सोडून १२ वर्षं झाली, तरी अटॅक का आला?

माझ्या मामाने वयाच्या ५४व्या वर्षी सिगारेट सोडली. त्याआधी २६ वर्षं तो रोज एक पाकीट ओढायचा. सोडली ती मात्र कायमची, पुन्हा हात लावला नाही. गेल्या वर्षी, ६६व्या वर्षी, त्याला हृदयविकाराचा झटका आला. स्टेंट बसवून तो घरी आला आणि मी भेटायला गेले, तेव्हा चहा यायच्या आधीच त्याने विचारलं, "मग सांग बाई, १२ वर्षांपूर्वी सोडून मला मिळालं काय?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. आरोग्यावर लिहिणारी मी, पण समोर मामा होता आणि त्याच्या प्रश्नात राग कमी, दुःख जास्त होतं. हा लेख म्हणजे त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

या विषयावर दोन टोकाच्या गोष्टी कानावर पडतात. एकीकडे ते तासांचे तक्ते: इतक्या मिनिटांत नाडी सुधारते, इतक्या तासांत रक्त शुद्ध होतं, जणू आठवड्याभरात माणूस कोरा करकरीत. दुसरीकडे, "इतकी वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग?" दोन्हींत थोडं थोडं खरं आहे, आणि म्हणूनच गोंधळ होतो. सिगारेट सुटली की शरीरात दोन घड्याळं एकाच वेळी सुरू होतात. एक भरभर चालतं, दुसरं फार हळू. पहिलं रक्ताचं, दुसरं रक्तवाहिनीच्या भिंतीचं.

धूर हृदयाचं नेमकं काय करतो?

बहुतेकांच्या डोक्यात एक चित्र असतं: नळाच्या पाइपमध्ये गाळ साचत जातो, भोक लहान होत जातं, एक दिवस पाइप तुंबतो आणि अटॅक येतो. हे चित्र समजायला सोपं असलं तरी फसवं आहे. ते खरं असतं, तर सिगारेट सोडून दोन-चार महिन्यांत काहीच फरक पडायला नको होता. फरक तर पडतो, आणि चांगलाच पडतो.

प्रत्यक्षात काय होतं ते पाहू. रक्तवाहिनीला आतून एक अस्तर असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी थोड्या प्रमाणात तयार करत राहतं. त्या वायूमुळे वाहिनी सैल राहते आणि रक्त तिला चिकटत नाही. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो हे शोधून काढल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फरिद मुराद यांना १९९८ साली नोबेल मिळालं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी याच वायूच्या जोरावर काम करते.

धुरातले घटक हा वायू नष्ट करतात आणि अस्तराला इजा करतात. इजा झालेल्या अस्तरातून कोलेस्टेरॉल भिंतीत झिरपतं. ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. कातडीखाली गळू धरतं, तसा भिंतीच्या आत एक फुगवटा तयार होतो. याला डॉक्टर प्लाक म्हणतात. गळू निदान दुखतं तरी. प्लाक वर्षानुवर्षं गप्प बसतो.

एखाद्या दिवशी त्याच्यावरचा पातळ पापुद्रा फाटतो. रक्ताला वाटतं, इथे जखम झाली. मग रक्त आपलं नेहमीचं काम करतं, म्हणजे गुठळी धरतं. बोट कापल्यावर जी गुठळी आपल्याला वाचवते, तीच हृदयाच्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या नळीत धरली की पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो. बहुतेक अटॅक असेच येतात. फुगवटा मोठा असायलाच हवा असंही नाही. निम्मीसुद्धा न अडलेली नळी अशी अचानक बंद होऊ शकते.

म्हणजे झटका यायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात: भिंतीत फुगवटा, आणि गुठळी धरायला टपलेलं रक्त. धूर दोन्ही करतो. गुठळीची सुरुवात करणाऱ्या प्लेटलेट नावाच्या रक्तकणिका धुरामुळे जास्त चिकट होतात.

त्यात आणखी भर पडते. निकोटीनमुळे नाडी मिनिटाला १० ते १५ ठोक्यांनी वाढते आणि रक्तदाब चढतो, म्हणजे हृदयाचं काम वाढतं. त्याच वेळी धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणजे हृदयाला मिळणारा ऑक्सिजन घटतो. एखाद्या मजुराच्या डोक्यावरचं ओझं वाढवायचं आणि त्याच दिवशी त्याचं जेवण कापायचं, असा हा प्रकार.

पहिलं घड्याळ: रक्ताचं

हे घड्याळ तासांत आणि दिवसांत मोजायचं. निकोटीन रक्तातून दर दोन तासांनी साधारण निम्मं होत जातं. कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, त्यामुळे एक-दोन दिवसांत तो न ओढणाऱ्या माणसाइतका खाली येतो. तासांच्या तक्त्यांमधला हा भाग अगदी खरा आहे.

पुढची पायरी मला अधिक महत्त्वाची वाटते. एका प्लेटलेटचं आयुष्य असतं ७ ते १० दिवसांचं. शेवटची सिगारेट विझवल्यावर दोन आठवड्यांत धुरात वाढलेल्या जवळजवळ सगळ्या प्लेटलेट मोडीत निघालेल्या असतात आणि त्यांच्या जागी धूर न पाहिलेल्या नव्या आलेल्या असतात. गुठळीला मदत करणारी रक्तातली प्रथिनं आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी त्यानंतरच्या आठवड्या-महिन्यांत खाली येतात. फुगवटा तिथेच असतो, पण तो फाटलाच तर त्याच्यावर धावून येणारं रक्त आता कमी तापट असतं.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात हेलेना नावाचं गाव आहे. तिथे २००२ साली सार्वजनिक आणि कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. ती सहा महिने टिकली आणि पुढे कोर्टात अडकली. त्या सहा महिन्यांत तिथल्या रुग्णालयात अटॅकचे २४ रुग्ण आले. आधीच्या वर्षांत याच महिन्यांत सरासरी ४० येत. बंदी स्थगित झाल्यावर आकडा पुन्हा चढला. गाव लहान, आकडे लहान, त्यामुळे यावर फार मोठा इमला रचू नये. पुढे मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांत घट याहून बरीच कमी दिसली. पण दिशा तीच राहिली. सहा महिन्यांत कुणाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती नव्या झाल्या नव्हत्या. बदललं होतं ते रक्त आणि हवा.

दुसरं घड्याळ: भिंतीचं

अस्तर स्वतःला दुरुस्त करतं, पण सावकाश. सोडल्यानंतर वर्षभराने तपासलं तर रक्तवाहिनीची सैल होण्याची क्षमता सुधारलेली दिसते, वजन वाढलेलं असलं तरी. भिंतीत जमलेले फुगवटे मात्र सहजासहजी जात नाहीत. त्यांच्यातली सूज उतरते, वरचा पापुद्रा जाड आणि मजबूत होतो, काहींत कॅल्शियम बसून ते टणक होतात. जुन्या जखमेचा व्रण राहतो, तसे ते राहतात.

आकडे काय सांगतात? जागतिक आरोग्य संघटना सांगते की सोडल्यानंतर वर्षभरात हृदयविकाराचा धोका ओढणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर येतो आणि साधारण १५ वर्षांत न ओढणाऱ्याच्या जवळ पोचतो. ही झाली सरासरी. खूप ओढलेल्यांचं वेगळं पाहायला हवं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या हृदयाची नोंद ठेवली जाते. तिथल्या ८,७७० लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. रोज एक पाकीट याप्रमाणे २० वर्षं किंवा त्याहून जास्त ओढलेल्यांनी सोडलं, तर पाच वर्षांच्या आतच त्यांचा हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी दिसला. मात्र आयुष्यात कधीच न ओढलेल्यांच्या तुलनेत तो १० ते १५ वर्षांनंतरही, काही हिशोबांत तर २५ वर्षांपर्यंत, थोडा जास्तच राहिला.

मामाच्या प्रश्नाचं पहिलं अर्ध उत्तर इथे आहे. त्याची २६ पाकीट-वर्षं होती (रोज एक पाकीट, एक वर्ष, म्हणजे एक पाकीट-वर्ष). १२ वर्षांत त्याचा धोका खूप उतरला होता, पण शून्यावर आलेला नव्हता. सोडली नसती तर झटका आधी आला असता का, की अधिक मोठा आला असता, हे एका माणसाबद्दल कुणीच सांगू शकत नाही. हजारोंबद्दल मात्र सांगता येतं. ब्रिटनमधल्या ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांवर १९५१ पासून ५० वर्षं नजर ठेवली गेली. ६०व्या वर्षी सोडणाऱ्यांनी सरासरी तीन वर्षं कमावली, ५०व्या वर्षी सोडणाऱ्यांनी सहा, ४०व्या वर्षी सोडणाऱ्यांनी नऊ.

उरलेलं अर्ध उत्तर मामाच्या औषधांच्या डब्यात होतं. त्याकडे येतेच.

"मी २० वरून दोनवर आणल्यात. पुरे नाही का?"

हे फार जण विचारतात, आणि मेहनत करून कमी केलेल्या माणसाला "पुरे नाही" असं सांगताना मला वाईट वाटतं. पण हृदयाच्या बाबतीत हा हिशोब सरळ चालत नाही. २०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा रोज फक्त एक सिगारेट ओढणाऱ्यालाही रोज २० ओढणाऱ्याच्या वाढीव हृदयविकार-धोक्याच्या जवळजवळ निम्मा धोका असल्याचं दिसलं. अपेक्षा होती विसाव्या हिश्श्याची.

असा जिना डोळ्यांपुढे आणा, ज्याची पहिलीच पायरी कमरेइतकी उंच आहे आणि नंतरच्या सगळ्या बोटभर. अस्तराला इजा आणि प्लेटलेट चिकट होणं, हे थोड्या धुरानेही होतं. फुप्फुसाच्या कर्करोगात मात्र कमी ओढण्याने धोका बऱ्यापैकी उतरतो, म्हणून कमी करणं वाया जात नाही. ती शून्याकडे जाणारी वाट म्हणून चांगली आहे. तिथेच मुक्काम ठोकला तर हृदयाला फारसं मिळत नाही.

याच कारणाने घरात दुसरं कुणी ओढत असेल, तर सोडलेल्या माणसाचं हृदय पूर्ण सुटलेलं नसतं. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या, स्वतः कधीही न ओढणाऱ्या लोकांनाही हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी जास्त असतो. खिडकी उघडल्याने हे भागत नाही. घरात कुणीच ओढायचं नाही, असा नियमच करावा लागतो.

"एकदम सोडलं की हृदयाला धक्का बसतो"

हे मी इतक्यांदा ऐकलंय की कुणी तरी "अमक्याने सोडली आणि महिन्यात गेला" असं सांगणार, हे आता गृहीतच धरते. अशी माणसं खरोखर असतात. पण त्यांनी सोडली कधी, ते पाहा. पुष्कळ जण छातीत काहीतरी जाणवायला लागल्यावर, धाप लागायला लागल्यावर सोडतात. आजार आधी आलेला असतो, सोडणं नंतर येतं, झटका त्याच्याही नंतर येतो, आणि दोष मधल्या गोष्टीला लागतो.

अचानक सोडल्याने हृदयाला इजा होत नाही. उलट नाडी पहिल्या दिवसापासून खाली येते. ज्यांना अटॅक येऊन गेला आहे त्यांच्याबद्दल तर पुरावा फारच स्पष्ट आहे. २० अभ्यासांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की हृदयविकार झाल्यावर ज्यांनी सोडली, त्यांच्यात मृत्यूचा धोका ओढत राहिलेल्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होता. हृदयाच्या नावाजलेल्या औषधांच्या पंक्तीला बसेल असा हा परिणाम आहे.

त्रास होतो, हे मात्र खरं. चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं, बद्धकोष्ठता, खोकला. पहिला आठवडा सगळ्यात कठीण, मग तीन-चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं. मन फारच खचलं, उदासी हटेना, तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

एक गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते, आणि तिने माणसं उगाच घाबरतात. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका यंत्रणेला जास्त वेगाने काम करायला लावतात. तीच यंत्रणा चहा-कॉफीतलं कॅफिन शरीराबाहेर काढते. म्हणून ओढणाऱ्याला कॅफिन कमी चढतं. सिगारेट सुटली की काही दिवसांत यकृताचा तो वेग उतरतो, आणि रोजच्याइतकीच कॉफी घेऊनही रक्तात कॅफिन जवळपास दुप्पट राहू शकतं. छाती धडधडते, हात थरथरतात, रात्री डोळा लागत नाही. माणूस म्हणतो, "बघा, सोडल्याने हृदय बिघडलं." सोडल्यानंतरचे काही आठवडे चहा-कॉफी निम्मी करून पाहा. बऱ्याच जणांची धडधड तेवढ्यानेच थांबते.

हेच काही औषधांनाही लागू होतं. दम्याच्या थिओफिलीनचा, मानसिक आजारावरच्या क्लोझापिनचा डोस सोडल्यानंतर कमी करावा लागू शकतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असाल तर तपासणी लवकर करून घ्यावी लागते. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखरेवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून ओढणं बंद केल्याची तारीख डॉक्टरांना कळायला हवी. अभिनंदन ते करतीलच, पण काम औषधांच्या चिठ्ठीचं आहे.

"पॅच आणि गममध्येही निकोटीनच ना?"

सिगारेट सोडायला मदत म्हणून मिळणारी त्वचेवर लावायची पट्टी म्हणजे पॅच, आणि चघळायची गोळी म्हणजे गम. दोन्हींत तेच निकोटीन असतं, हो. पण ते त्वचेतून किंवा तोंडातून हळूहळू येतं, आणि त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड येत नाही, जळालेल्या पानांचे हजारो पदार्थ येत नाहीत. सिगारेटचं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत धडकतं. पॅचचं दिवसभर ठिबकत राहतं. सोडायला मदत करणारी व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही गोळ्यांची दोन औषधंही आहेत. आठ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत या दोन गोळ्या आणि पॅच यांच्यामुळे अटॅकसारख्या हृदयाच्या घटना वाढलेल्या दिसल्या नाहीत. नुकताच अटॅक येऊन गेला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचं, एवढंच. तोंडी तंबाखू हा मात्र पर्याय नाही. त्यात धूर नसला तरी हृदयविकार आणि पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोका वाढतो. ई-सिगारेटमध्ये विषारी पदार्थ साध्या सिगारेटपेक्षा कमी असतात, पण नाडी, रक्तदाब आणि अस्तरावर तिचाही परिणाम दिसतो, आणि २० वर्षं ती ओढलेल्या हृदयांचा पुरावा अजून जमायचा आहे.

वजन वाढलं, मग फायदा गेला का?

वजन वाढतं, हे लपवण्यात अर्थ नाही. औषध न घेता सोडणाऱ्यांचं पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. निकोटीन भूक मारतं आणि शरीराचा जळणाचा खर्च थोडा वाढवतं. ते गेलं की दोन्ही उलट होतं. शिवाय चव आणि वास परत येतात, आणि हाताला-तोंडाला काहीतरी चाळा हवा असतो.

याचा हिशोब दोनदा फार नीट झाला आहे. २०१३ साली फ्रेमिंगहॅमच्याच नोंदींतून दिसलं की वजन वाढलं तरी मधुमेह नसलेल्यांमध्ये सोडल्याचा हृदयाला होणारा फायदा टिकून राहतो. २०१८ सालच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात दिसलं की ज्यांचं वजन वाढलं, त्यांना मधुमेहाचा धोका काही काळ चढला, पाच ते सात वर्षांनी टोकाला पोचला आणि मग उतरत गेला. हृदयविकाराने मरण्याचा धोका मात्र वजन कितीही वाढलं तरी ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमीच राहिला.

म्हणून माझं मत असं: पहिले तीन महिने एकच लढाई लढावी. त्याच काळात कडक पथ्य सुरू करणाऱ्यांची दोन्ही आघाड्यांवर दमछाक होते. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करावं. तलफ आल्यावर दहा मिनिटं भरभर चालून आलं तर ती लाट बऱ्याचदा ओसरून जाते. पुढे आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्यायचं. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने. आणि वर्षाला एकदा साखर तपासायची.

मामाचा औषधांचा डबा

आता ते अर्ध उत्तर. मामाला सोडण्याच्या आधीपासून रक्तदाब होता. सोडल्यावर दोन वर्षांनी त्याने स्वतःच गोळ्या बंद केल्या. कारण विचारलं तर म्हणाला, "मुख्य दुश्मन तर गेला ना." कोलेस्टेरॉल त्याने १२ वर्षांत एकदाही तपासलं नव्हतं.

हृदयाच्या धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. धुराने भिंतीत केलेले फुगवटे आहेत, त्यांच्यावर रोज वाढलेला दाब आदळतो आहे, आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे भिंतीत झिरपणारं कोलेस्टेरॉल, त्यांना खाऊ घालतं आहे. त्यातला एक आकडा आपण खूप लहान केला, ही मोठी गोष्ट आहे. पण बाकीचे आकडे तसेच ठेवले तर गुणाकार पुन्हा मोठा येतो. धूम्रपान सोडल्याने चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढतं. एलडीएल मात्र फारसं हलत नाही. त्याला वेगळा उपाय लागतो. आहारात मीठ, तळलेलं आणि साखर कमी. कडधान्यं, भाज्या, फळं, अख्खं धान्य जास्त. आणि डॉक्टरांना गरज वाटली तर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. स्टॅटिनबद्दल लोकांच्या मनात फार भीती आहे, पण भिंतीतले जुने फुगवटे शांत करायला तिच्याइतकं तपासून पाहिलेलं दुसरं औषध क्वचितच सापडेल. दारूही जपून: ती रक्तदाब वाढवते, आणि सोडलेली सिगारेट पुन्हा बोटांत येते ती पुष्कळदा दुसऱ्या हातात ग्लास असताना.

इथे एक तांत्रिक खाच आहे. धोका मोजायला डॉक्टर जी गणितं वापरतात, त्यांतल्या अनेकांत एवढाच प्रश्न असतो: सध्या ओढता का? "नाही" म्हटलं की २६ वर्षं ओढून परवा सोडलेला आणि जन्मात न ओढलेला, दोघे एकाच रांगेत. आकडा खरा असतो त्याहून बरा दिसतो. म्हणून विचारलं नाही तरी आपण सांगायचं: किती वर्षं, रोज किती, कोणत्या महिन्यात सोडली.

तपासण्यांच्या बाबतीत, काहीच त्रास नसताना दरवर्षी ट्रेडमिलवर धावून यायची गरज बहुतेकांना नसते. एक साधी तपासणी मात्र दुर्लक्षित राहते. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगण्याचा आजार ओढणाऱ्यांत आणि ओढलेल्यांत जास्त असतो, आणि फुटेपर्यंत तो बहुधा कळत नाही. अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्याच्या तज्ज्ञगटाने आयुष्यात कधीही धूम्रपान केलेल्या ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांना यासाठी एकदा पोटाची सोनोग्राफी सुचवली आहे. कधीही म्हणजे साधारण १०० सिगारेटींपासून पुढे. पायांकडेही लक्ष हवं: ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो, हे म्हातारपण नसून पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते.

एखादी ओढली गेली तर?

तर दोन्ही घड्याळं शून्यावर जात नाहीत. एका सिगारेटचा कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो. वर्षभरात भिंतीने केलेली दुरुस्ती एका रात्रीत पुसली जात नाही. धोका असतो तो "आता मोडलंच आहे" या विचाराचा, कारण त्याच्या पाठोपाठ पाकीट येतं. पुष्कळांना कायमची सोडण्याआधी अनेकदा प्रयत्न करावे लागतात. मामाचेही आधीचे तीन प्रयत्न फसले होते.

हे जाणवलं तर थांबू नका

छातीवर कुणी बसल्यासारखा दाब, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात सरकणारी वेदना, गार घाम, मळमळ, अचानक धाप. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छाती न दुखता नुसता थकवा किंवा धाप असंही होतं. एके काळी ओढलेला माणूस धाप लागली की फुप्फुसांना दोष देऊन गप्प बसतो. जिना चढताना नव्याने लागायला लागलेली धाप हृदयाचीही असू शकते. अशा वेळी रुग्णवाहिका बोलवायची, स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

मामाला पहाटे चारला दाब जाणवला. त्याला वाटलं, पित्त असेल. मला कशाला अटॅक येईल, मी तर १२ वर्षांपूर्वीच सोडली. तो सात वाजेपर्यंत खुर्चीत बसून राहिला, मामीलाही उठवलं नाही. नळी बंद झाल्यावर हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो, आणि मेलेला भाग पुन्हा उगवत नाही. स्टेंट वेळेवर बसला असता तर त्यातला पुष्कळसा वाचला असता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आता दुसऱ्या मजल्यावर जाताना तो मधल्या वळणावर थांबतो, कठड्याला हात लावून दम घेतो, आणि मग वर जातो.